एकशे ब्याऐंशीवी कुस्ती

कुस्ती म्हटले की आपल्याला आठवते तांबडी माती, लंगोट, वस्तादांची करडी नजर आणि मैदानाच्या शेवटी खांद्यावर मिरवलेली गदा. आपला वस्ताद हा कुणाचा नोकर नसतो. तालीम हेच त्याचे घर, आणि पोरे घडली की त्यातच त्याची कमाई. पण जगाच्या पाठीवर एक देश असा आहे की जिथे कुस्तीचा वस्ताद हा चक्क कॉलेजचा पगारी माणूस असतो. त्याला हजेरीपट असतो, वर्षाचे वेळापत्रक असते, आणि दर मार्च महिन्यात त्याचा निकाल लागतो. अगदी आपल्या दहावी-बारावीच्या निकालासारखा! तो देश म्हणजे अमेरिका. आणि त्या नोकरीत ज्याने सर्वात मोठे नाव कमावले त्या डॅन गेबलविषयी आज लिहायचे आहे.

त्याआधी तिकडच्या कॉलेजातल्या कुस्तीची थोडी ओळख करून देतो, म्हणजे पुढचे समजायला सोपे जाईल. ही कुस्ती मॅटवर होते. ऑलिंपिकमधल्या कुस्तीहून तिचे नियम निराळे. प्रतिस्पर्ध्याला खाली आणले की गुण, खालच्याने सुटका करून घेतली की गुण, आणि वरच्याने खालच्याला किती वेळ दाबून ठेवले याचेही घड्याळ लावून मोजमाप. पाठ टेकवली की खेळ खलास, हे मात्र आपल्यासारखेच. वजनाचे दहा गट असतात. प्रत्येक मल्ल आपापल्या गटात लढतो, पण त्याने मिळवलेले गुण संघाच्या खात्यात जमा होतात. म्हणजे एकट्याचा खेळ असूनही हार-जीत सगळ्यांची. या एका गोष्टीमुळे तिथला प्रशिक्षक केवळ डाव शिकवणारा राहत नाही. दहा वेगवेगळ्या वजनाची आणि त्याहून वेगवेगळ्या स्वभावाची पोरे त्याला एका दावणीला बांधावी लागतात.

आपल्याकडे जसा कोल्हापूरकडे ऊस आणि कुस्ती, तसे अमेरिकेत आयोवा राज्यात मका आणि कुस्ती. थंडी कडक, शेतकरी वस्ती, आणि शाळाशाळांतून कुस्तीचे संघ. या राज्यातल्या वॉटर्लू नावाच्या गावात २५ ऑक्टोबर १९४८ रोजी डॅन गेबलचा जन्म झाला. शाळेत त्याला बॉब सिडन्स नावाचे चांगले प्रशिक्षक मिळाले. शाळेच्या तीन वर्षांत तो ६४ कुस्त्या लढला आणि सगळ्या जिंकला. तिन्ही वर्षे राज्याचे विजेतेपद त्याच्याकडे.

पण हे आकडे सांगताना मध्येच एक तारीख येते आणि ती ओलांडून पुढे जाता येत नाही. ३१ मे १९६४. डॅन तेव्हा १५ वर्षांचा. आईवडील आणि तो मासे धरायला बाहेरगावी गेले होते. १९ वर्षांची थोरली बहीण डायन घरीच होती. ती दुसऱ्या दिवशी येऊन त्यांना मिळणार होती. ती आलीच नाही. राहत्या घरात तिचा खून झाला होता. खुनी निघाला ओळखीतलाच एक मुलगा. काही आठवड्यांपूर्वी हा मुलगा डायनविषयी डॅनजवळ काहीतरी वावगे बोलला होता. घराकडे परतताना वाटेत डॅनने ते वडिलांना सांगितले आणि त्यावरून तपासाला धागा मिळाला. पंधरा वर्षांच्या पोराच्या मनावर ते केवढे ओझे असेल, कल्पनाही करवत नाही.

आईवडिलांना त्या घरात राहणे नकोसे झाले. घर सोडायचे बोलणे सुरू झाले. तेव्हा डॅनने काय करावे? त्याने आपली खोली सोडली आणि तो डायनच्या खोलीत जाऊन राहू लागला. घर टिकले. पुढे डॅनच्या कुस्त्या हेच त्या आईवडिलांना घराबाहेर पडायचे, चार माणसांत बसायचे निमित्त झाले. गेबलच्या जिंकण्याविषयी लोक भरभरून लिहितात. त्याची जिद्द, त्याचा व्यायाम वगैरे. ते खरेच आहे. पण मला वाटते, त्या मुलासाठी जिंकणे ही हौस राहिलीच नव्हती. तो जिंकला की आईच्या चेहऱ्यावर घटकाभर उजेड यायचा. असे जिंकणे सोपे नसते हो!

शाळेनंतर तो एम्स गावच्या आयोवा स्टेट विद्यापीठात गेला. तिथे हॅरॉल्ड निकल्स हे नावाजलेले प्रशिक्षक होते. त्या काळी पहिल्या वर्षाच्या मुलांना राष्ट्रीय स्पर्धेत उतरू देत नसत, त्यामुळे त्याला तीनच हंगाम मिळाले. १९६८ आणि १९६९ साली तो राष्ट्रीय विजेता झाला. १९७० च्या मार्चमध्ये शेवटची स्पर्धा शिकागोजवळच्या इव्हान्स्टन येथे होती. तिथे अंतिम फेरीला येईपर्यंत कॉलेजातल्या ११७ कुस्त्या झाल्या होत्या आणि सगळ्या जिंकलेल्या. शाळेच्या ६४ धरल्या तर १८१. आता १८२ वी.

समोर होता वॉशिंग्टन विद्यापीठाचा लॅरी ओविंग्ज. हा गडी खरे म्हणजे वरच्या वजनगटात खेळू शकला असता. पण त्याला गेबलशीच लढायचे होते, म्हणून त्याने वजन उतरवून १४२ पौंडांचा गट पकडला आणि तसे उघड सांगितलेही. दोन वर्षांपूर्वी, १९६८ साली, ऑलिंपिकच्या निवड चाचणीत तो गेबलकडून हरलेला होता. बाकीचे मल्ल गेबलसमोर उभे राहायचे ते किती गुणांनी हरायचे याचा हिशेब करत. हा उभा राहिला तो जिंकायला. कुस्ती रंगली. गुण वर-खाली होत राहिले. शेवटचे अर्धे मिनिट उरले असताना ओविंग्जने गेबलला खाली आणले आणि त्याची पाठ मॅटकडे वळवली. १३ विरुद्ध ११. गेबल हरला.

दुसऱ्या क्रमांकाच्या पायरीवर उभा राहून तो रडला. प्रेक्षक उभे राहून टाळ्या वाजवत होते, पण त्या टाळ्या त्याला ऐकू आल्या असतील असे वाटत नाही. गंमत म्हणजे त्या वर्षीचे सांघिक विजेतेपद त्याच्याच कॉलेजने जिंकले. आणि ओविंग्ज? तो पुढची दोन्ही वर्षे अंतिम फेरीत पोहोचला आणि दोन्ही वेळा हरला. त्याचे नाव कुस्तीच्या इतिहासात कायमचे राहिले ते त्या एका रात्रीसाठी.

इथे बहुतेक लेख थांबतात आणि तात्पर्य सांगतात की अपयश ही यशाची पहिली पायरी. आपण शाळेच्या भिंतीवर असले सुविचार पुष्कळ रंगवले. पण पायरी म्हणून ती चढायची कशी, हे भिंतीवर लिहिलेले नसते. गेबलने जे केले ते साधे होते. तो कुठे कमी पडला ते त्याने शोधले आणि तेवढ्यावर काम केले. १९७१ साली तो बल्गेरियात सोफिया येथे जगज्जेता झाला. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकला तो गेला तेव्हा गुडघा दुखावलेला होता, आणि पहिल्याच कुस्तीत डोक्याला खोक पडून टाके घालावे लागले. तरी ६८ किलो गटातल्या सहाही कुस्त्या त्याने जिंकल्या. आणि त्या सहा कुस्त्यांत समोरच्याला एकही गुण दिला नाही. एकही नाही! ती हार नसती तर मी इतका चांगला मल्ल आणि प्रशिक्षक झालो नसतो, असे त्याने स्वतः पुढे अनेकदा सांगितले आहे.

आता खरी गोष्ट सुरू होते. सुवर्णपदक घेऊन आलेला हा मल्ल शिकवायला कुठे जावा? आयोवा स्टेटचा कट्टर प्रतिस्पर्धी म्हणजे आयोवा सिटीतले आयोवा विद्यापीठ. गेबल तिथे गेला! गंगावेश तालमीच्या पठ्ठ्याने मोतीबागेत जाऊन पोरे तयार करावीत, तसला हा प्रकार. तिथले मुख्य प्रशिक्षक गॅरी कर्डलमायर यांच्या हाताखाली त्याने आधी साहाय्यक म्हणून काम केले. १९७५ आणि १९७६ अशी दोन राष्ट्रीय विजेतेपदे या जोडीने मिळवली. मग १९७६-७७ च्या हंगामापासून गेबल मुख्य प्रशिक्षक झाला. पहिल्याच वर्षी संघ तिसरा आला, आणि विजेतेपद गेले ते त्याच्या जुन्या आयोवा स्टेटला.

त्यानंतर मात्र १९७८ ते १९८६ अशी सलग नऊ वर्षे राष्ट्रीय विजेतेपद आयोवाकडे. एकूण २१ हंगामांत १५ राष्ट्रीय विजेतेपदे. आपल्या विभागातल्या ‘बिग टेन’ स्पर्धेत तर २१ पैकी २१. दोन संघांच्या आमनेसामने लढतींत ३५५ विजय, २१ पराभव आणि ५ बरोबरी. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकला तो अमेरिकेच्या फ्रीस्टाइल संघाचा प्रशिक्षक होता. सात सुवर्णपदके आली. सोव्हिएत रशिया आणि त्याचे मित्रदेश त्या वेळी आले नव्हते, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. तरी त्या सातांपैकी तिघे, म्हणजे रँडी लुईस आणि एड व लू बॅनाक हे जुळे भाऊ, त्याच्या आयोवातल्या तालमीतले होते.

मास्तरकी केलेल्या माणसाला इथे एक प्रश्न पडतो. ज्याला गणित उपजतच येते तो चांगला गणित शिक्षक होतोच असे नाही. उलट बहुतेक वेळा होत नाही. त्याला कळतच नाही की समोरच्या मुलाला कळत का नाही. खेळात तर हे फारच दिसते. मोठमोठे खेळाडू शिकवायला उभे राहिले की चिडतात, कारण स्वतः ते ज्या वाटेने गेले ती त्यांना सरळ वाटलेली असते. मग १८१ कुस्त्या लागोपाठ जिंकलेल्या माणसाला शिकवणे कसे जमले?

माझे उत्तर असे की, त्या १८२ व्या कुस्तीने त्याला बाकीच्यांच्या रांगेत आणून बसवले. हरलेला मुलगा घरी जाऊन छताकडे बघत कसा पडून राहतो, हे त्याला माहीत झाले. त्याच्या तालमीतला सराव फार कडक असे. सात मिनिटांची कुस्ती असेल तर सातही मिनिटे पुढे पुढे जात राहायचे, समोरच्याला दम घेऊ द्यायचा नाही, शेवटच्या फेरीत तो थकला की कुस्ती आपली, ही आयोवाची रीत. पण तेवढ्याने काम भागत नाही. १९८२ चा एक किस्सा सांगतात. ऐन विभागीय स्पर्धेच्या तोंडावर एक हलक्या वजनाचा मल्ल बेपत्ता झाला. वजन उतरवण्याच्या जाचाला तो कंटाळला होता. गेबल स्वतः त्याला शोधत निघाला. पोरगा सापडला तो किराणा दुकानात, हातात गोड खाऊ घेऊन! गेबलने त्याला समजावून परत आणले. त्या वर्षी तो मुलगा राष्ट्रीय विजेता झाला.

किस्सा ऐकायला मजेशीर आहे. पण मला त्यात हसू येण्यापेक्षा पोटात कालवायला होते. उपाशी पोर दुकानात शिरले, यात त्याची काय चूक? वजन उतरवणे ही अमेरिकेतल्या कॉलेज कुस्तीची फार जुनी आणि फार वाईट खोड. गरम खोलीत बसून घाम काढायचा, रबरी कपडे घालून पळायचे, पाणी तोडायचे. गेबलचा काळही याला अपवाद नव्हता. गरम खोली तर सगळ्याच तालमींत रोजच्या वापरातली. १९९७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, जेमतेम पाच आठवड्यांत, तीन वेगवेगळ्या कॉलेजांतली तीन मुले असे वजन उतरवताना मेली. गेबलने मुख्य प्रशिक्षकाचे काम सोडल्यावरची ही गोष्ट, आणि ती मुले त्याची नव्हती. पण व्यवस्था तीच होती. मग डोळे उघडले. गरम खोल्या आणि रबरी कपडे बंद झाले, वजन कुस्तीच्या अगदी थोडा वेळ आधी करायचे ठरले, सर्वात खालचा गट ११८ वरून १२५ पौंडांवर नेला. हे नियम वीस वर्षे आधी झाले असते तर काय बिघडले असते? कोणत्याही यशस्वी माणसाचा इतिहास लिहिताना ही बाजू झाकून ठेवू नये असे मला वाटते. निकाल शंभर टक्के लागला, पण तो लावताना मुलांचे काय झाले, हा प्रश्न शाळेलाही लागू आहे.

नऊ विजेतेपदांनंतर १९८७ साली दहावे हुकले. जिंकले कोण, तर पुन्हा आयोवा स्टेट! त्यानंतर आणखी तीन वर्षे कोरडी गेली. अनेक प्रशिक्षक इथे संपतात. जुने यश आठवत, आताच्या पोरांत तो दम नाही असे म्हणत बसतात (हे वाक्य शिक्षकांच्या खोलीतही खूप ऐकू येते!). गेबलने नव्याने संघ उभा केला. टॉम आणि टेरी ब्रँड्स हे जुळे भाऊ याच काळातले. १९९१, ९२, ९३ आणि पुन्हा ९५, ९६ अशी विजेतेपदे आली. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये टॉमने सुवर्णपदक मिळवले.

शेवटचा हंगाम १९९६-९७ चा. तोपर्यंत शरीराने सगळी थकबाकी वसूल करायला घेतली होती. खुबा बदलण्याची शस्त्रक्रिया झालेली, चालणे कुबड्यांवर. त्या वर्षी आयोवाचा संघ जिंकेल असे फारसे कुणी म्हणत नव्हते. स्पर्धा होती सीडर फॉल्समध्ये, म्हणजे वॉटर्लूला अगदी लागून असलेल्या गावात. जिथून सुरुवात झाली तिथेच. त्याच्या पाच मल्लांनी आपापले गट जिंकले आणि संघाने १७० गुण केले. हा विक्रम २०२४ सालापर्यंत कुणाला मोडता आला नाही.

तो मोडला पेन स्टेट विद्यापीठाने, आणि त्यांचा प्रशिक्षक केल सँडरसन. हा सँडरसन कोण? आयोवा स्टेटचाच विद्यार्थी. कॉलेजात १५९ कुस्त्या लढला आणि एकही हरला नाही. म्हणजे गेबलची जी एक कुस्ती राहून गेली होती ती त्याच कॉलेजच्या मुलाने पुरी केली म्हणा ना! २०२५ पर्यंत पेन स्टेटसाठी त्याने १२ राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली आहेत. तेव्हा ‘न हरलेला माणूस शिकवू शकत नाही’ असा सिद्धांत मांडायची सोय नाही. माणसे निरनिराळ्या वाटांनी शिकवायला शिकतात. गेबलची वाट त्या हारेतून गेली, एवढेच.

आणि त्याची खरी मिळकत मला १५ विजेतेपदांत दिसत नाही. त्याच्यानंतर आयोवाचा संघ सांभाळला तो त्याचाच शिष्य जिम झॅलेस्की याने, आणि २००६ पासून टॉम ब्रँड्सने. त्याचा एके काळचा साहाय्यक जे रॉबिन्सन मिनेसोटा विद्यापीठात गेला. २००१ ची राष्ट्रीय स्पर्धा आयोवा सिटीत, गेबलच्या स्वतःच्या आखाड्यात भरली होती. तिथे रॉबिन्सनच्या मिनेसोटाने आयोवाला दुसऱ्या क्रमांकावर ढकलून विजेतेपद नेले. मौज अशी की मिनेसोटाचा एकही मल्ल अंतिम फेरीत नव्हता. पण दहाही गटांत त्यांची दहाही पोरे पहिल्या आठांत होती! संघाने जिंकणे म्हणजे काय, ते यापेक्षा चांगले कोण शिकवणार? शिष्यात् इच्छेत् पराजयम् असे आपल्याकडे म्हणतात. ते म्हणायला सोपे, घरच्या मैदानावर डोळ्यांनी बघायला अवघड असणार.

फेब्रुवारी २०१३ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या कार्यकारी मंडळाने कुस्ती हा खेळच ऑलिंपिकच्या कायम खेळांतून वगळायची शिफारस केली. आयोवातल्या आणि आपल्या कोल्हापूर-सांगलीतल्या पोरांवर एकाच दिवशी पडलेली ही वीज होती. गेबल तेव्हा चौसष्टीत होता. तो या शिफारशीविरुद्धच्या मोहिमेत उतरला. जगभरच्या कुस्तीवाल्यांनी मिळून नियम बदलले, कारभार सुधारला, आणि ८ सप्टेंबर २०१३ ला ब्यूनस आयर्समध्ये कुस्ती परत आली. २०२० साली त्याला अमेरिकेचा सर्वोच्च नागरी सन्मान मिळाला.

हे सगळे वाचताना मनात राहून राहून एक नाव येत होते. खाशाबा जाधव. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक आणणारे, स्वतंत्र भारताला वैयक्तिक पदक मिळवून देणारे पहिले खेळाडू. तेही कॉलेजचेच मल्ल, कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे. त्यांना हेलसिंकीला पाठवण्यासाठी प्राचार्य खर्डेकरांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. म्हणजे कॉलेजने मल्लाच्या पाठीशी उभे राहायचे ही गोष्ट आपल्याला अगदी परकी नव्हती. आपल्याकडे वीस वर्षे आधी ती घडली होती. पण ती एका प्राचार्याच्या घरावर घडली. तिची व्यवस्था झाली नाही. खाशाबा पोलीस खात्यात गेले. कॉलेजच्या मल्लांना घडवणे हेच ज्याचे पोटापाण्याचे काम, अशी खुर्ची त्यांच्यासाठी कुठल्या कॉलेजने मांडली नाही. गेबलला ती खुर्ची २१ वर्षे मिळाली आणि त्याच्या हाताखालून गेलेली मुले आज इतरांना शिकवत आहेत. खाशाबांना ती मिळाली असती तर... पण इतिहासाच्या मास्तराने ‘जर-तर’च्या फार नादी लागू नये.

असो. लेख लांबला. पोरांना आणि नातवंडांना हा मल्ल १८१ कुस्त्यांसाठी सांगू नका. तेवढ्या कुणालाच जमायच्या नाहीत आणि उगीच धास्ती बसेल. बहिणीच्या रिकाम्या खोलीत राहायला गेलेला मुलगा, आणि किराणा दुकानात आपल्या विद्यार्थ्याला शोधत गेलेला मास्तर, एवढे सांगा. आणि हेही सांगा की शोधायला जाणे चांगले, पण मुलाला उपाशी पळून जायची वेळच येऊ न देणे त्याहून चांगले.